चिपला दाखवलेलं ऊन

आमच्या घरात कशालाही ऊन दाखवायची पद्धत होती. गाद्यांना ऊन, तुरीच्या डाळीला ऊन, लोणच्याच्या बरणीला ऊन, पेटीतल्या शालूला वर्षातून एकदा ऊन. पावसात भिजलेल्या रेडिओलासुद्धा आईनं एकदा दोन दिवस ऊन दाखवलं आणि तो पुन्हा बोलायला लागला. तेव्हापासून तर तिचा डॉक्टरपेक्षा उन्हावर जास्त विश्वास. मस्तगडातलं आमचं घर दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर आणि पुढं अंगण एवढंच होतं, पण वर गच्ची होती आणि जालन्यात उन्हाला तोटा कधीच नव्हता. होळी झाली की ती गच्ची म्हणजे आईचं दुसरं स्वयंपाकघर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते बाहेरच्या माणसाला निव्वळ वेडेपणा वाटेल. आमच्या घरात तो वेडेपणा नव्हता, वळण होतं.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, वजनकाटे दुरुस्त करायचे. आधी लोखंडी तराजू, मग मोंढ्यातल्या धान्यबाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले तसे तेही शिकले, चाळिशी उलटल्यावर, कुणाच्या हाताखाली न जाता. काट्याच्या पोटात एक चिप असते आणि कोणत्या दाबाला किती वजन दाखवायचं त्याचा तक्ता त्या चिपमध्ये भरलेला असतो. तक्ता चुकला की काटा खोटं बोलतो. म्हणून आमच्या घरात एक जुना कॉम्प्युटर होता, चिप भरायचं यंत्र होतं आणि चिप पुसायची पेटीही होती. त्या काळातल्या चिपच्या पाठीवर काचेची गोल खिडकी असायची. पेटीतल्या जांभळ्या दिव्याखाली ती खिडकी वर करून चिप ठेवली की आतलं सगळं पुसून जायचं आणि ती नव्यानं भरता यायची. भरून झाली की खिडकीवर पांढरी चिकटपट्टी लावायची, दवाखान्यात जखमेवर लावतात ती. आम्ही ‘चिप भरली का’, ‘चिप पुसली का’ असं इतकं सहज बोलायचो की पाहुण्यांना वाटायचं चिप हे एखादं भांडं असावं. घरात सोल्डरिंगच्या धुराचा वास आणि तव्यावरच्या भाकरीचा वास एकमेकांत असे मिसळलेले असायचे की आजही कुठं सोल्डरिंग चालू दिसलं तर मला भूक लागते.

माझा मोठा भाऊ माधव, आम्ही त्याला दादा म्हणायचो, ह्याच कामात वाढला. हात अण्णांचा, पण मन काट्यात नव्हतं. कापसाच्या एका जिनिंगवाल्यानं कंटाळून आमच्या अंगणात एक गाडी आणून लावली होती. परदेशातून कुणीतरी आणलेली, चार हातांतून फिरून आलेली, मळकट निळी. जिनिंगवाला म्हणाला होता, ‘तुमचा पोरगा हुशार हाय, बघा म्हणावं, न्हाई तर भंगारात घाला.’ ती सकाळी बरी चालायची आणि तापली की मागून काळा धूर सोडून बंद पडायची. गावातल्या मेकॅनिकांनी तिचं सगळं सुटं करून पुन्हा जोडलं होतं. दादानं पुढच्या सीटच्या पायापाशी असलेला तिच्या इंजिनाचा कॉम्प्युटर उघडला आणि आत काय निघावं, तर आमच्या काट्यात असते तशीच खिडकीची चिप. मला त्याचा चेहरा आठवतो. परगावी ओळखीचं माणूस भेटल्यावर होतो तसा झाला होता.

त्या चिपमध्येही तक्ताच होता. आडव्या ओळीत इंजिनाचा वेग, उभ्या ओळीत त्याच्यावरचं ओझं, आणि प्रत्येक घरात एक आकडा, तेवढा वेळ पेट्रोलचं तोंड उघडं ठेवायचं. दादा म्हणायचा, ‘काट्यासारखंच हाय. फक्त काटा वजन सांगतो, हे पेट्रोल सांगतं.’ कुठल्या थंड देशाच्या हवेसाठी भरलेले आकडे आमच्या चैत्रात कसे चालणार? दादा एक घर बदलायचा, चिप भरायचा, गाडीत बसवायचा आणि आम्ही देऊळगाव राजाच्या रस्त्यानं जाऊन यायचो. मी शेजारी बसून वहीत लिहायची, किती वेगाला झटका दिला, कुठं धूर सोडला. परत आल्यावर तो प्लग काढून बघायचा. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा असला तर कमी, आणि दुधाच्या चहाचा रंग आला की बराबर. असे तीनेक महिने गेले. आई म्हणायची, ‘एवढ्या खेपात तर पोरगी बघून झाली असती.’ दादा हसायचा आणि भाकरीवर ठेचा घेऊन पुन्हा अंगणात जायचा. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. खरं सांगायचं तर कॉलेजात मला त्या वहीएवढं काहीच आवडत नव्हतं.

अण्णांना हे मुळीच पसंत नव्हतं. ते ओरडायचे नाहीत, ते मोजून बोलायचे. पुण्याला अशाच गाड्यांचं काम करणारं एक वर्कशॉप होतं, तिथं दादाच्या मित्रानं त्याच्यासाठी शब्द टाकला होता आणि ते लोक त्याला घ्यायला तयारही होते. अण्णांनी ऐकून घेतलं, वरण-भात संपवला, ताटात हात धुतला आणि मग म्हणाले, ‘एकदाच. तीर्थपुरीला माझं काट्याचं काम हाय. ह्याच गाडीनं जाऊ आन् ह्याच गाडीनं येऊ. रस्त्यात बंद पडली तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई, काटे घ्यायचे. न्हाई पडली तर जा. मी एक शब्द बोलणार न्हाई.’ अण्णांनी एकदा असं म्हटलं की ते तसंच व्हायचं, दोन्ही बाजूंनी. दादा ‘बरं’ म्हणाला. तोवर त्याचे आकडे जमले होते. त्यानं ती शेवटची चिप भरली, पट्टी लावली आणि पट्टीवर बॉलपेननं लिहिलं, पक्की.

जाण्याआधी हंगामाची कामं होती. भुसार माल बाजारात आलेला, आष्टीकडचे काटे बघायला अण्णा आणि दादा दोघंही नऊ दिवस गेले, आत्याकडं राहिले. मागं कुणी गाडीशी खेळू नये म्हणून दादानं चिप काढून स्पंजात खोचली आणि साबणाच्या डबीत घालून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. मला म्हणाला, ‘शैले, हिला जपजो.’ आणि मी जपलीच. माझा सगळा गुन्हा जपण्यातून झाला.

त्याच आठवड्यात कुरडया होत्या. तीन दिवस भिजवलेले गहू, रोज बदललेलं पाणी, घरभर तो आंबूस वास. चौथ्या दिवशी गहू वाटून चीक काढलेला. आई सकाळी चीक शिजवायला बसली तेव्हा मला गरम चीक साखर घालून खायचा होता, म्हणून मी फळीवरची वाटी ओढली आणि तिच्याबरोबर ती डबी खाली आली. डबी उघडली, आणि चिप थेट कच्च्या चिकाच्या पातेल्यात. मी हात घालून ती बाहेर काढली. तिच्या अठ्ठावीस पायांत पांढरा राप बसला होता आणि पट्टी भिजून लोंबत होती. आई म्हणाली, ‘धुऊन टाक जल्दी, चीक वाळला की सिमेंट होतो.’ मी पट्टी काढली, नळाखाली धरली, जुन्या दातांच्या ब्रशनं एकेक पाय घासला. आणि मग गच्चीवर नेऊन, आईनं कुरडया घातलेल्या जुन्या पातळाच्या कोपऱ्यावर, खिडकी वर करून ठेवली. पाणी काचेच्या बाजूनं आत गेलं असेल तर तिकडूनच वाळायला हवं, असं माझं डोकं चाललं. वर मलमलचा तुकडासुद्धा टाकला नाही. कावळ्यानं नेऊ नये म्हणून दिवसभर जाऊन जाऊन बघत होते. कुरडया चांगल्या कडक वाळायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस मी तिला ऊन दाखवलं. उगीच ओल राहायला नको.

पेटीतला तो जांभळा उजेड मला माहीत होता. त्याच्याकडं बघायचं नाही हे लहानपणापासून माहीत होतं. पण त्या उजेडाचं आणि आमच्या गच्चीवरच्या उन्हाचं काही नातं असेल हे कधी मनातही आलं नाही. ऊन म्हणजे चांगली गोष्ट. उन्हानं कीड मरते, ओल जाते, वास जातो. लिहिलेलं उन्हानं पुसतं असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि दादा पट्टी का लावतो हे मी कधी विचारलं नव्हतं. दोघं यायच्या आदल्या दिवशी मी चिप खाली आणली, स्पंजात खोचली, औषधाच्या डब्यातली नवी पट्टी कापून लावली आणि तिच्यावर दादासारखंच अक्षर काढत लिहिलं, पक्की. सांगायला हवं होतं. पण चार महिन्यांपूर्वी मी एका काट्याचा आकडे दाखवणारा दिवा जाळला होता आणि तेव्हा अण्णांनी मोजून सांगितलं होतं, ‘पुन्हा माझ्या सामानाला हात लावला तर कॉलेज बंद.’ चिप वाळली होती, स्वच्छ झाली होती, मंग सांगायचं कशाला, असं मी स्वतःला समजावलं.

ते आले आणि अण्णा म्हणाले, ‘उद्याच निघू.’ दादानं घाईघाईत चिप बसवली, चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात लागली. सकाळी सहालाच आम्ही निघालो, अण्णा पुढं, मी मागं काट्याच्या वजनांबरोबर. मला का नेलं ते आठवत नाही, बहुधा मीच हट्ट केला असेन. गाडी सुंदर चालत होती. हे मुद्दाम लिहिते, कारण दादानं ते ऐकलं होतं आणि अण्णांनीही. अंबड मागं पडलं, तीर्थपुरी आलं, अण्णांनी बाजारातला काटा बराबर केला, आम्ही गरम भजी खाल्ली आणि अण्णा कागदाला हात पुसत म्हणाले, ‘चालतीया बरी.’ दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आमच्या घरात ह्यापेक्षा मोठं कौतुक झालेलं मी ऐकलं नव्हतं.

परत निघेपर्यंत बारा वाजले. अंबड यायच्या आधी, दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा होत्या तिथं, गाडीनं एक झटका दिला. मग दुसरा. मग काळा धूर आणि मग काहीच नाही. दादानं चावी फिरवली, पुन्हा फिरवली, खाली उतरून बॉनेट उघडलं. अण्णा पाच मिनिटं आत बसून राहिले. मग उतरले, पिशवी घेतली आणि म्हणाले, ‘मी यष्टीनं जातो. तुम्ही ट्रॅक्टर बघून या.’ आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मला वाटतं त्यांनाही वाईट वाटलं होतं. ते रस्त्याच्या कडेनं सावली धरत गेले आणि दादा बॉनेटवर दोन्ही हात ठेवून त्यांच्याकडं बघत राहिला. पत्रा केवढा तापला असेल, त्यानं हात उचलले नाहीत. मला म्हणाला, ‘कुठं चुकलं मपलं? वहीत बघ बरं, शैले.’ मी वही उघडली आणि त्या आकड्यांवरून नुसतं बोट फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कामावर गेल्यावर दादानं चिप काढून यंत्रात लावली. चिपमधल्या सगळ्या आकड्यांची बेरीज यंत्र दाखवतं. भरताना ती बेरीज आम्ही वहीत लिहून ठेवायचो. यंत्रानं वेगळीच बेरीज दाखवली. त्यानं पुन्हा वाचली, तिसरीच आली. पुन्हा वाचली, चौथी. खोट्या काट्यावर तेच पोतं दर वेळी वेगळं भरतं तसं. तो चिप घेऊन स्वयंपाकघरात आला. आई चुलीपाशी येसराचा मसाला भाजत होती, मी मिरच्यांचे देठ काढत होते. त्यानं पट्टी सोलली, काच बघितली, चिपच्या कडेला चिकटलेला चिकाचा एक वाळका कण नखानं काढला.

‘आई, कुरडया कवा घातल्या?’

‘तुम्ही आष्टीला गेल्ते तवा.’

‘हिला ऊन दाखवलं का?’

मी मान वर केली नाही. अर्धं इंजिन सुटं केल्यावर बारीकसा बिघाड सापडावा तसं सगळं एकदम मला सापडलं, पेटी, खिडकी, पट्टी, ऊन. चिप अर्धवटच पुसली होती, म्हणून गाडी गारव्यात चालली आणि तापल्यावर बंद पडली. आईनं कढई खाली उतरवली आणि म्हणाली, ‘मी दाखवलं बाबा. वल्ली झाल्ती. मला काय कळतंय त्यातलं?’

दादा हातातल्या पट्टीकडं बघत होता. पट्टीवर माझं अक्षर होतं. आईला सहीपलीकडं लिहिता येत नव्हतं. हे त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं. मग तो म्हणाला, ‘म्हंजी आकडे बराबर होते,’ आणि बाहेर गेला. मला आधी काय वाटलं असेल, तर हायसं. आईनं अंगावर घेतलं, दादा रागावला नाही, मिटलं. लाज नंतर वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मिटलं नव्हतं. वही शाबूत होती, आठ दिवसांत दादानं तशीच चिप पुन्हा भरली असती. पण अण्णांनी शब्द दिला होता तो एका खेपेचा. दुसरी खेप मागायची तर पहिली का फसली ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर आईचं नाव घ्यावं लागणार. अण्णांनी आईला काय म्हटलं असतं कोण जाणे, पण दादा आईला त्यांच्यापुढं उभी करणार नव्हता एवढं नक्की. माझं नाव निघालं असतं तर अण्णा मला बोलले असते, कदाचित कॉलेजही गेलं असतं, आणि दादाला दुसरी खेप मिळाली असती. एवढा सरळ हिशोब मला तेव्हा कळत नव्हता असं नाही. कळत होता. परीक्षा जवळ आली होती आणि मी पुस्तक उघडून बसायची. आई मला त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. एकदा फक्त वेणी घालताना म्हणाली, ‘तू शिक.’ मी शिकले, मास्तरीण झाले, पोरींना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावले.

पंधरा दिवसांनी दादानं टेलिफोन बूथवर जाऊन पुण्याला नाही म्हणून कळवलं आणि अण्णांबरोबर मोंढ्यात जायला लागला. जिनिंगवाला येऊन गाडी घेऊन गेला. दादाचं वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. लग्न झालं, पोरं मार्गी लागली, त्याचा काटा अचूक म्हणून लांबून लोक येतात. गाड्यांचं तो कधी बोलत नाही. हल्ली माझा भाचा लॅपटॉप लावून बसल्या बसल्या आपल्या गाडीचे आकडे बदलतो, ना चिप काढायची, ना पुसायची, आणि दादा शेजारून चहा घेऊन जातो, थांबत नाही.

अण्णा आधी गेले, मग आई. आईचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दादाच्या दुकानात गेले. तो एक काटा उघडून बसला होता. केस पांढरे झालेली बाई आपल्या म्हाताऱ्या भावाला हे सांगते आहे ह्याचं मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर. मी म्हटलं, ‘दादा, ती चिप गच्चीवर मी ठेवल्ती.’

‘ठाऊक हाय की.’ त्यानं मान वर केली नाही.

‘मंग अण्णांना काहून न्हाई सांगितलं? वही होती आपल्याकडं. परत भरली असती तू.’

त्यानं स्क्रू घट्ट केला, पाच किलोचं वजन ठेवून बघितलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

‘मी सांगितलं असतं तर चुगली झाली असती. आईनं तर खोटंच सांगितलं. खरं सांगायचं ते तुझ्याकडं व्हतं,’ तो म्हणाला. ‘पंधरा दिवस थांबलो मी, शैले. रोज जेवाया बसलो की वाटायचं, आज बोलंल ही. तू भाकरी वाढायची आन् आत निघून जायची.’